स्वतःचा राष्ट्रीय संघ हवाय? फिफा आणि ऑलिम्पिकचे अर्ज नेमके कुठे अडकतात

छोट्या देशांचे, बेटांचे, स्वायत्त प्रदेशांचे अर्ज फेटाळले गेले की बहुतेकांना वाटतं, लोकसंख्या कमी पडली असणार. तसं नसतं. सॅन मारिनोत पस्तीस हजारांच्या आतबाहेर माणसं राहतात आणि तो फिफाचा सदस्य आहे. ग्रीनलंडमध्ये छप्पन्न हजारांवर माणसं आहेत, तरी उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल महासंघाने, कॉन्ककॅफने, जून २०२५ मध्ये त्यांना एकमताने नकार दिला. अर्ज अडतो कागदावर, आणि बरेचदा चुकीच्या दारात दिल्यामुळे.

आधी पाहा: नियमाच्या नजरेत तुम्ही देश आहात का

फिफाची घटना आणि ऑलिम्पिक सनद, दोन्हीकडे अट जवळपास एकच आहे: आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्य केलेलं स्वतंत्र राष्ट्र. गंमत अशी की, हे सिद्ध करणारा दाखला कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर कोणकोणत्या देशांनी मान्यता दिली आहे, ते दाखवावं लागतं. कोसोवो आजही संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नाही. तरी डिसेंबर २०१४ मध्ये ऑलिम्पिक आणि मे २०१६ मध्ये युएफा (युरोपचा फुटबॉल महासंघ) व फिफा, अशी सगळी दारं त्याला उघडली.

ऑलिम्पिकमध्ये ही अट १९९६ पासून आहे. पोर्तो रिको, ग्वाम, बर्म्युडा, अरुबा हे त्याआधी आत गेले, म्हणून ते टिकून आहेत. ‘त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?’ हा परिच्छेद अर्जातून काढून टाका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. १९२० मध्ये दोराबजी टाटांच्या पुढाकाराने धावपटू फडेप्पा चौगुले आणि कुस्तीगीर रणधीर शिंदे अँटवर्प ऑलिम्पिकला गेले तेव्हा हिंदुस्थान पारतंत्र्यातच होता. आजच्या अटीवर तो अर्जही परत आला असता.

जुनी मान्यता आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नेदरलँड्स अँटिलिस हा कॅरिबियनमधला डच बेटांचा गट २०१० मध्ये विसर्जित झाला आणि पुढच्या वर्षी त्याची ऑलिम्पिक मान्यता गेली. त्यातल्या कुरासाव बेटाला ती वारशाने मिळाली नाही. फुटबॉलमध्ये मात्र त्याच कुरासावला जुनं सदस्यत्व मिळालं, आणि तो २०२६ च्या विश्वचषकाला पात्रही ठरला. एका खेळातला होकार दुसऱ्या खेळात पुरावा म्हणून चालेल, असं धरून चालू नका.

ना-हरकत पत्र: जे कुणाकडेच नसतं

स्वतंत्र नसलेल्या प्रदेशालाही फिफाकडे अर्ज करता येतो. मात्र तो ज्या देशावर अवलंबून आहे तिथल्या फुटबॉल संघटनेची संमती लागते. संमती संघटनेची, सरकारची नव्हे. लोक मंत्रालयांचे उंबरे झिजवतात, मंत्र्याचं शुभेच्छापत्र जोडतात आणि मग त्रुटीचं पत्र आलं की चकित होतात. फेरो बेटं डेन्मार्कच्या छत्राखाली असूनही १९८८ मध्ये फिफात गेली.

पण ही सवलत फिफाची आहे. आता फिफाचं सदस्यत्व मिळण्याआधी खंडीय महासंघाचं सदस्यत्व लागतं, आणि तिथले नियम वेगळे असू शकतात. युएफाने २००१ पासून स्वतंत्र राष्ट्राची अट घातली. फेरो १९९० मध्येच आत होतं म्हणून वाचलं; आज तसाच अर्ज युएफात टिकणार नाही. म्हणूनच डेन्मार्कच्याच छत्राखालचं ग्रीनलंड कॉन्ककॅफकडे वळलं. बोनेअर, मार्टिनिकसारखे फिफाबाहेरचे प्रदेश तिथे सदस्य आहेत, हे पाहून आशा वाटणं साहजिक होतं.

महासंघाने घेतलं म्हणजे काम झालं, असंही नाही. झांझिबारला आफ्रिकी महासंघाने मार्च २०१७ मध्ये सदस्य केलं आणि जुलैत ते सदस्यत्व काढून घेतलं. कारण एका देशातून दोन संघटना घेता येत नाहीत आणि टांझानिया आधीच सदस्य होता. चार महिन्यांत पाहुणा आत आणि बाहेर. हा नियम मार्चमध्येही होताच. वाचला कुणी नव्हता.

पोच जपून ठेवा

स्पेनच्या दक्षिण टोकावरच्या ब्रिटिश जिब्राल्टरने १९९७ मध्ये फिफाकडे अर्ज केला. तो युएफाकडे गेला, आणि अर्ज प्रलंबित असतानाच युएफाने २००१ ची ती अट आणली. खेळातले वाद सोडवणाऱ्या लोझानच्या क्रीडा लवादाने सांगितलं की, अर्ज केला तेव्हाचे नियम लागू करा. सगळी लढाई अर्जाच्या तारखेवर जिंकली गेली. त्यामुळे अर्ज ईमेलने पाठवला तरी छापील प्रत कुरियरने पाठवा, सही-शिक्क्याची पोच घ्या आणि त्या दिवशी लागू असलेल्या घटनेची प्रत फाइलमध्ये लावा. संकेतस्थळावरची आवृत्ती कधी बदलेल, याचा नेम नसतो.

लवादाकडे जायची मुदत हा दुसरा सापळा. फिफाच्या निर्णयाविरुद्ध २१ दिवस मिळतात, युएफाच्या निर्णयाविरुद्ध फक्त १०. दिवस मोजायचे ते निर्णय हाती पडल्यापासून. पुढच्या बैठकीत ठरवू म्हणणाऱ्या संघटनेची मुदत त्या बैठकीआधीच संपलेली असते. अपील करायचा अधिकार अध्यक्षांना आधीच ठरावाने देऊन ठेवा.

आणि लवाद जिंकलं म्हणजे सदस्यत्व मिळालं, असं नाही. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचा अर्ज लवादामुळे युएफाच्या अधिवेशनापुढे गेला, पण २०१८ मध्ये ब्रातिस्लाव्हात सदस्यांनी तो मतदानाने फेटाळला. २००७ मध्ये जिब्राल्टरच्या बाजूने तीनच मतं पडली होती. २०१३ मध्ये विरोधात फक्त स्पेन आणि बेलारूस उरले. मधल्या सहा वर्षांत नियम नव्हे, मतं बदलली. तरी फिफाने २०१४ मध्ये अडवलंच. पुन्हा लवाद, आणि मे २०१६ मध्ये सदस्यत्व. म्हणजे एकोणीस वर्षं. कोसोवोला युएफात २८ विरुद्ध २४ मतांनी प्रवेश मिळाला, यावरून मतदारांच्या भेटीगाठींना किती वेळ द्यायचा ते ठरवा.

घटना आणि मैदान

संघटनेच्या घटनेत फिफा व महासंघाचे नियम पाळणं, खेळाचे अधिकृत नियम पाळणं आणि क्रीडा लवादाचा अधिकार मानणं ही कलमं लागतात. पदाधिकाऱ्यांची यादी, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वगैरे नेहमीचं. मात्र आपल्याकडच्या सवयीने ‘सरकारनियुक्त सदस्य’ असं कलम घालाल तर तिथेच खुंटाल. बाहेरचा हस्तक्षेप फिफाला जुन्या सदस्यांकडूनही चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कारणावरून भारताचं सदस्यत्व निलंबित झालं होतं आणि नवी मुंबई, मडगाव, भुवनेश्वरमधला मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक टांगणीला लागला होता.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान १०० ते ११० मीटर लांब आणि ६४ ते ७५ मीटर रुंद लागतं. १०५ बाय ६८ सोयीचं. घरी नसेल तर परदेशातलं मैदान ‘घरचं’ म्हणून लेखी ठरवून ठेवा. फेरोंनी १९९० मध्ये ऑस्ट्रियाला १-० हरवलं ते स्वीडनमधल्या लांड्सक्रोनात, कारण घरी हिरवळीचं मैदान नव्हतं. जिब्राल्टरचा युएफा सदस्य म्हणून पहिला सामनाही पोर्तुगालमध्ये, फारोजवळ झाला.

ऑलिम्पिकचं गणित

राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला मान्यता हवी तर किमान पाच राष्ट्रीय संघटना आपापल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सदस्य असाव्या लागतात, आणि ते खेळ ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातले हवेत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने नुसती मान्यता दिलेला बुद्धिबळासारखा खेळ या पाचांत धरत नाहीत. कबड्डी, खो-खो तर नाहीच. अर्ज करणारे सहा-सात संघटना दाखवतात आणि छाननीत तीनच उरतात. अ‍ॅथलेटिक्स, जलतरण, ज्युडो, टेबल टेनिस, तिरंदाजी अशा कमी खर्चात उभ्या राहणाऱ्या खेळांपासून सुरुवात करा आणि एक-दोन संघटना जास्तीच्या ठेवा. दक्षिण सुदान जुलै २०११ मध्ये स्वतंत्र झाला. मान्यता मिळायला ऑगस्ट २०१५ उजाडला.

खेळाडूंची कागदपत्रं

पासपोर्ट अनेक प्रदेशांत सामाईक असतो तिथे तो एकटा पुरत नाही. खेळाडूचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा त्या भूमीवरचा जन्म, नाहीतर तिथलं दीर्घ वास्तव्य दाखवावं लागतं. आजीचा जन्मदाखला काढायला सहा महिनेही लागू शकतात. संघनिवडीच्या आधी सुरुवात करा. आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेल्यांना वेगळी परवानगी लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये कोसोवोचा पहिला पात्रता सामना फिनलंडमध्ये होता, आणि काही खेळाडूंची परवानगी त्याच दिवशी हातात आली. त्यातला वालोन बेरिशा आधी नॉर्वेकडून खेळलेला. १-१ बरोबरीतला गोल त्याचाच.

तोवर कुठे खेळायचं

राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत जर्सी, गर्न्सी, आयल ऑफ मॅन, जिब्राल्टर स्वतंत्रपणे उतरतात. आयसीसीनेही या चौघांना सहयोगी सदस्य केलं आहे. १९८५ पासून बेटांसाठी आयलंड गेम्स होतात, आणि फिफाबाहेरच्या संघांसाठी कोनिफा आहे. कोनिफात खेळल्याने फिफाचा अर्ज बाद होत नाही, पण तिथले सामने अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने म्हणून मोजले जात नाहीत. अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यात ते ‘अनधिकृत’ असं स्पष्ट लिहूनच भरा.