शिल्लक अन्नवाटप (नाशिक)

शिल्लक अन्नवाटप : लग्नकार्ये, उपाहारगृहे, कारखान्यांच्या खानावळी, देवस्थानांची प्रसादालये आणि शेतमालाच्या बाजारपेठा येथे गरजेपेक्षा जास्त झालेले, परंतु खाण्यास सुरक्षित असलेले अन्न गोळा करून ते दोन वेळच्या जेवणाची शाश्वती नसलेल्यांपर्यंत पोहोचविण्याची प्रथा. शिजवलेले अन्न आहे तसे वाटणे, जास्तीच्या कच्च्या मालापासून नवे जेवण रांधणे आणि नाशवंत माल वाळवून टिकाऊ करणे, अशी तिची तीन रूपे आढळतात. पानातले उष्टे अन्न यात येत नाही. पातेल्यात राहिलेले, पंगतीत किंवा बुफेच्या टेबलावर न गेलेले अन्नच येथे अभिप्रेत आहे. नाशिक शहर व जिल्ह्यात तिन्ही रूपांना वाव आहे, कारण तीर्थक्षेत्र, औद्योगिक शहर, कांदा-टोमॅटो-द्राक्षांचा पट्टा आणि पश्चिमेकडील आदिवासी तालुके एकाच जिल्ह्यात आहेत.

या प्रथेच्या उगमाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार ती तीर्थक्षेत्रांतील सदावर्त व अन्नछत्र यांचाच पुढचा टप्पा होय. गोदाकाठी, विशेषतः पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी, यात्रेकरू व साधू यांना जेवू घालण्याची रीत पेशवेकाळात चांगली रुजलेली होती, असे मानण्यास जागा आहे. अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांनी देशभरातील तीर्थांवर चालविलेली सदावर्ते प्रसिद्ध आहेत. चांदवडचा रंगमहाल हा त्यांच्या काळाचा या जिल्ह्यातील ठळक अवशेष. सिंहस्थात (नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्यात) या रीतीला मोठे रूप येते. वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकला आणि शैव आखाड्यांचे त्र्यंबकेश्वरला, ही विभागणी १७८९ च्या सुमारास झालेल्या संघर्षानंतर पेशव्यांच्या निवाड्याने पक्की झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. काही लेखक तिचा काळ त्याआधी नेतात. कालनिर्णय काहीही असो, या विभागणीमुळे सिंहस्थातील अन्नछत्रांची केंद्रेही दोन झाली. साधुग्रामातील (साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीतील) आखाडे व खालसे (त्यांना जोडलेले साधूंचे गट) आपापले भंडारे स्वतंत्रपणे चालवितात.

दुसऱ्या मतानुसार ही प्रथा सर्वस्वी आधुनिक आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स येथे १९६७ मध्ये सुरू झालेली अन्नपेढी ही जगातील पहिली अन्नपेढी समजली जाते. तेथपासून ‘एकाकडे जास्त झालेले अन्न नोंद ठेवून दुसऱ्याकडे पोहोचविणे’ या कामाला संस्थात्मक रूप आले. भारतात २०१४–१५ या काळात अशा उपक्रमांची लाट आली. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत रॉबिन हूड आर्मी ही स्वयंसेवकांची चळवळ पोर्तुगालमधील उदाहरणावरून सुरू झाली. २०१५ मध्ये बुंदेलखंडातील महोबा आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ‘रोटी बँक’ या नावाने काम उभे राहिले. मुंबईत निवृत्त पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने २०१७–१८ च्या सुमारास याच नावाने काम सुरू झाले. ‘पहिली रोटी बँक’ हा मान एकाहून अधिक ठिकाणी सांगितला जातो. त्यांतील काही उपक्रम घरोघरच्या ताज्या पोळ्या गोळा करीत, तर काही समारंभांतील उरलेले अन्न. हा फरक लक्षात न घेतल्याने वाद वाढलेला दिसतो.

दोहोंपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अन्नछत्रात अन्न दानासाठीच शिजते. तेथे ‘शिल्लक’ ही मूळ कल्पनाच नाही. मात्र नाशिकला मोठी पातेली, शेकडो पानांचा अंदाज बांधणारे आचारी, वाढपी आणि रात्री-अपरात्री जेवण घालण्याची सवय लाभली ती पहिल्या परंपरेतून, हे मान्य करावे लागते. मनमाडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर आणि सप्तशृंग गडावरील प्रसादालय ही जिल्ह्यातील चालू उदाहरणे. यांखेरीज १९७२ च्या दुष्काळाची आठवण ग्रामीण भागात आजही निघते. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या (ज्वारीच्या एका प्रकारच्या) आणि दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीच्या (कोरड्या पौष्टिक खाऊच्या) गोष्टी त्यात येतात.

उगमाच्या चर्चेत क्वचितच येणारा, पण नाशिकच्या संदर्भात वगळता न येणारा आणखी एक धागा आहे. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या जातींना कामाच्या मोबदल्यात घरोघरची शिळी भाकरी दिली जाई, आणि ती घेणे हे त्यांच्या हीन स्थानाची रोजची खूण असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत शिळे-उष्टे तुकडे घेण्याचे सोडा, असे आवाहन केले. काळाराम मंदिर सत्याग्रह (प्रारंभ २ मार्च १९३०) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) या दोन्ही घटना याच जिल्ह्यात घडल्या. ज्या समाजाने उरलेले अन्न नाकारून माणूसपण मिळविले, त्याच्या वस्तीत उरलेले अन्न घेऊन जाताना देण्याची पद्धत अन्नाइतकीच महत्त्वाची ठरते. लोकांना ओळीत उभे करून हातावर वाढणे, वाटपाचे फोटो काढून फिरविणे, कार्यातील पाहुणे उठल्यावर मागच्या दाराशी बोलावणे या गोष्टी केवळ अशोभनीय नाहीत. त्या जुन्या व्यवस्थेलाच नव्याने उभे करतात. स्वच्छ ताटात, बसवून, काय आहे व केव्हा शिजले आहे हे सांगून वाढणे आणि नको म्हणणाऱ्याला नको म्हणू देणे, हाच योग्य मार्ग होय.

शहरात शिजवलेल्या अन्नाचा सर्वांत मोठा स्रोत लग्नसराई हा आहे. गंगापूर रस्ता, छत्रपती संभाजीनगर रस्ता या भागांतील लॉन्स आणि जुन्या शहरातील मंगल कार्यालये तुळशीविवाहापासून आषाढी एकादशीपर्यंत तिथीच्या दिवशी भरलेली असतात. केटररशी ठराव पानांवर होतो. यजमानाला कमी पडण्याची धास्ती, म्हणून तो पाने वाढवून सांगतो. आचारी आपल्या नावाला बट्टा नको म्हणून त्यावर आणखी थोडे धरतो. त्यामुळे प्रत्येक कार्यात काही ना काही उरणे जवळजवळ ठरलेले असते. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींतील खानावळी, वसतिगृहांचे मेस आणि हॉटेले यांच्याकडे उरणारे अन्न प्रमाणाने कमी, पण रोजचे व अंदाज करता येण्याजोगे असते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. घरातले उरलेले अन्न गोळा करण्यास फार विखुरलेले असते, म्हणून वाटपाचे काम समारंभांभोवती फिरते.

अन्नसुरक्षिततेचा प्रश्न या प्रथेत निर्णायक आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की जिवाणूंची वाढ वेगाने होते; म्हणून ते ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे लागते. भाताचा धोका विशेष आहे. भातातील बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजण्यातून वाचतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजून वाढतात आणि उलट्या घडविणारे विष तयार होते. हे विष पुन्हा उकळल्याने नाहीसे होत नाही, त्यामुळे ‘परत चांगले गरम करून वाढले’ हा बचाव मसालेभाताच्या बाबतीत चालत नाही. वरण, रस्सा व मटण यांच्या खोल पातेल्यांत तळाशी हवा पोहोचत नाही आणि उष्णता हळूहळू उतरते. तेथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू वाढतो. खव्याच्या मिठाईत हाताळणाऱ्याच्या हातावरून स्टॅफिलोकॉकस ऑरियस येतो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. यांपैकी कशाचाही पत्ता वासावरून वा चवीवरून खात्रीने लागत नाही. ‘वास घेऊन पाहिला, चांगले आहे’ ही सर्वत्र वापरली जाणारी कसोटी म्हणूनच अपुरी आहे.

उपाय साधे आहेत. मोठ्या पातेल्यातील अन्न तसेच झाकून न ठेवता उथळ परातींत पसरून निववावे. अमेरिकेतील अन्नसंहितेनुसार ते ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि ५ अंशांपर्यंत एकूण सहा तासांत उतरले पाहिजे. वाढण्यापूर्वी ते आतपर्यंत ७५ अंशांच्या आसपास गरम करावे आणि एकदा पुन्हा गरम केलेले पुन्हा उरवू नये. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि लग्नतिथीही याच काळात दाट असतात. रात्री अकराला लॉनवरून निघालेले पातेले सकाळी वाटण्याची कल्पना त्यामुळे धोकादायक ठरते. पुरी, जिलेबी, बुंदी, शेव असे कोरडे पदार्थ त्यातल्या त्यात निर्धोक. मठ्ठा, कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पनीरची भाजी उन्हाळ्यात घेऊच नये. वाटपाचे अंतर शिजण्याच्या वेळेपासून मोजावे, समारंभ संपल्याच्या वेळेपासून नव्हे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली केंद्रीय प्राधिकरणाने शिल्लक अन्नाची पुनर्प्राप्ती व वितरण यांविषयीचे विनियम २०१९ मध्ये काढले. ते १ जुलै २०२० पासून लागू आहेत. अन्न देणारा आणि वाटप करणारी संस्था यांच्या जबाबदाऱ्या, स्वच्छता, नोंदी व अन्नाची माहिती देणारी चिठ्ठी यांचे नियम त्यांत आहेत. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने सद्‌हेतूने अन्न देणाऱ्यास खटल्यांपासून संरक्षण दिले आहे. तसे स्पष्ट संरक्षण येथे नसल्याने हॉटेलमालक व केटरर कचरते राहतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)(ह) नुसार नष्ट झालेल्या वा भेट दिलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे माल फेकला काय नि दिला काय, करात फरक पडत नाही आणि देण्याला उत्तेजन उरत नाही. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा शिल्लक अन्नाशी संबंध नाही. ती शासनाच्या अनुदानावर चालणारी स्वस्त थाळी आहे.

गरजेच्या बाजूने पाहता शहरात आणि डोंगराळ तालुक्यांत चित्र वेगळे दिसते. शहरात रामकुंड व गोदाघाटावरील निराधार, जिल्हा रुग्णालयात दाखल रुग्णांचे नातेवाईक आणि पेठ व दिंडोरी रस्त्यांलगतच्या वस्त्यांतील मजूर यांना शिजवलेले अन्न थेट उपयोगी पडते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांतील कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे भात-नागलीची कापणी उरकून द्राक्षबागांच्या व बांधकामांच्या कामाला खाली उतरतात. त्यांचे शहरातले वास्तव्य आणि लग्नसराई हे दोन्ही एकाच हंगामात येतात, ही जुळणी कामाची आहे. पण कणगीतले धान्य आटते ते आषाढ-श्रावणात. तेव्हा ही कुटुंबे लावणीसाठी गावी परतलेली असतात. पेठ हे नाशिक शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर, सुरगाणा त्याहून बरेच लांब, आणि चातुर्मासामुळे लग्नेही बंद. ज्या महिन्यांत अन्नाची निकड सर्वाधिक, त्याच महिन्यांत शिजवलेल्या अन्नाचा मुख्य स्रोत आटलेला असतो. शहरातील वाटपाच्या यशाकडे बोट दाखवून जिल्ह्यातील भुकेचा प्रश्न सुटत असल्याचे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल. लग्नाच्या जेवणात तेल व साखर भरपूर, प्रथिने मात्र कमी. बालकांच्या कुपोषणावर ते उत्तर नव्हे. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना (२०१५) या ठिकाणी अधिक मोलाची आहे.

पावसाळ्यातील ही पोकळी शेतमालाच्या बाजूने भरता येण्यासारखी आहे. लासलगावचा कांदा बाजार आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो बाजार येथे भाव पडला की माल परत नेण्याचे भाडेही सुटत नाही. रस्त्यावर ओतलेले टोमॅटो हे दृश्य नाशिककरांना नवे नाही, आणि ते पाहून कोणाही शेतकऱ्याच्या पोटात कालवते. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा चार-सहा महिन्यांत वजनघट, कोंब व सड मिळून साधारणपणे ३० ते ४० टक्के घटतो, आणि ही घट वाढते तीही पावसाळी दमटपणात. प्रतवारीत मागे पडलेली गोल्टी (लहान आकाराचा कांदा) खाण्यास पूर्ण चांगली असते. कांद्यात पाणी ८६ ते ८८ टक्के. वाळविल्यावर शंभर किलोंचा दहा-बारा किलोंच्या आसपास चुरा होतो. टोमॅटोत पाणी सुमारे ९४ टक्के असल्याने त्याचा उतारा निम्माच. उन्हाळ्यात सौर वाळवणयंत्रात केलेला असा माल डाळ व नागलीच्या पिठाबरोबर आश्रमशाळांच्या किंवा गावकीच्या स्वयंपाकात श्रावणात वापरता येतो. नुसता कांदा म्हणजे जेवण नव्हे, म्हणून डाळीची जोड आवश्यक आहे.

खाण्यायोग्य न राहिलेल्या अन्नासाठी महापालिकेने जर्मन साहाय्याने २०१७ च्या सुमारास सुरू केलेला, ओला कचरा व शौचटाक्यांतील मैला यांपासून बायोगॅस व वीज तयार करणारा प्रकल्प आहे. हॉटेलांतील ओला कचरा तेथे नेला जातो. मात्र खाण्याजोगे अन्न तेथे जाणे इष्ट नाही.

येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले असून मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. २०१५ मध्येही ती याच महिन्यांत, २९ ऑगस्टपासून झाली होती. म्हणजे आखाड्यांचे भंडारे आणि अन्नछत्रे ऐन टंचाईच्या महिन्यांत चालतील, आणि त्यांतील काही व्यवस्था आदिवासी तालुक्यांच्या उंबऱ्यावरील त्र्यंबकेश्वरला असेल. तेथील शिल्लक अन्न त्याच संध्याकाळी जवळच्या पाड्यांवर नेता येईल इतके अंतर कमी आहे. त्यासाठी वाहने, उथळ पराती, तापमापके आणि प्रत्येक भंडाऱ्यात शिजण्याची वेळ लिहून ठेवणारा एक माणूस यांची तजवीज पर्वकाळापूर्वी करावी लागेल.