नाशिकमधलं संशोधन (तंत्रज्ञान, शिक्षण, कायदा, विज्ञान)

नाशिकमधलं संशोधन म्हटलं की बहुतेकांना पीएचडी, गाईड, सिनॉप्सिस, व्हायवा एवढंच आठवतं. पण नाशिक शहर आणि जिल्ह्यातली विद्यापीठं, कॉलेजं, सरकारी प्रयोगशाळा, शेती संशोधन केंद्रं आणि काही छोट्या संस्था मिळून जो अभ्यास करतात तो सगळाच यात येतो, आणि त्यातला बराच महत्त्वाचा भाग कॉलेजच्या आवाराबाहेरच होतो. इथल्या कामाचं वैशिष्ट्य म्हणजे ते सहसा एका विषयात मावत नाही. कांदा घ्या, गोदावरीचं पाणी घ्या, कुंभमेळा घ्या नाहीतर लेण्यांमधले शिलालेख घ्या, एकदा प्रश्नात हात घातला की विज्ञानातून कायद्यात आणि कायद्यातून हिशेबात जावंच लागतं.

संस्था

मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, एचपीटी कॉलेज १९२४ चं, म्हणजे उच्च शिक्षणाची सोय इथे शंभर वर्षांपासून आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला गंगापूर धरणाजवळ सुरू झालं आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ ला दिंडोरी रोडला म्हसरूळजवळ. या दोघांचा कारभार अख्ख्या राज्यात पसरलाय. बाकी आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, इंजिनिअरिंग आणि लॉची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. ओझरला एचएएलचं विमानांच्या अपग्रेडसाठीचं डिझाइन सेंटर आहे आणि डीआरडीओचं स्फोटक व ऊर्जायुक्त पदार्थांवर काम करणारं केंद्रही नाशिकलाच आहे, पण ते काम संरक्षण खात्याचं, त्यातलं फार काही बाहेर येत नाही.

कांदा

नाशिकच्या संशोधनाचा खरा कणा कांदा आहे असं मला वाटतं. राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान (एनएचआरडीएफ) ही संस्था १९७७ ची, तिचं काम चितेगाव फाट्यावरून चालतं, आणि ॲग्रीफाउंड डार्क रेड, ॲग्रीफाउंड लाईट रेड, एनएचआरडीएफ रेड ही वाणं तिथलीच, पहिलं खरिपाचं आणि दुसरं रब्बीचं, बियाणं घेताना शेतकरी ही नावं सरळ उच्चारतात. पिंपळगाव बसवंतच्या कांदा संशोधन केंद्राचं बसवंत ७८० हे वाण तर गावाचंच नाव घेऊन फिरतं. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा १९९४ ला नाशिकलाच सुरू झालं होतं, १९९८ ला ते राजगुरुनगरला हललं. निफाडला गव्हाचं जुनं केंद्र आहे, त्याच्या गव्हांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी.

पण वाण काढलं म्हणजे कांद्याचा प्रश्न सुटला असं होत नाही, कारण उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि शेतकरी तो चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, भरून दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून विकतो. चाळीत तीन वेगवेगळ्या गोष्टींनी माल जातो. एक म्हणजे पाणी उडून वजन घटतं, दुसरं म्हणजे कांदा सडतो, आणि तिसरं म्हणजे पावसाळा सरता सरता त्याची सुप्तावस्था संपते आणि कोंब येतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ ला सुरू झालं ते या तिसऱ्या गोष्टीसाठी. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या डोसचं एकक) इतका छोटा डोस कांद्याला देतात, त्याने आतल्या वाढीच्या पेशींची विभागणी थांबते आणि कोंब येत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही, तसा तो होतो अशी भीती अजून लोकांच्या मनात आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. मात्र दोन अटी आहेत. कांदा सुप्तावस्थेत असतानाच, म्हणजे काढणीनंतर नीट सुकवला की लगेच डोस द्यावा लागतो, एकदा कोंब सुटायला लागला की काही उपयोग नाही. आणि सड त्याने थांबत नाही. मान ओली राहिलेला किंवा काढताना मार लागलेला कांदा विकिरण करूनही सडणारच, त्यामुळे नंतर थंड साठवणूक जोडल्याशिवाय पूर्ण फायदा मिळत नाही. याच केंद्रातून २००७ पासून अमेरिकेला आंबा जायला लागला, त्याला मात्र ४०० ग्रे डोस लागतो कारण आंब्यात कोंब नाही तर कीड रोखायची असते.

आता समजा एखाद्या विद्यार्थ्याने साठवणुकीवर उत्तम प्रबंध लिहिला, सड अर्ध्यावर आणणारी चाळ बनवली, आणि नेमकं तेव्हाच निर्यात बंद झाली, जशी डिसेंबर २०२३ ते मे २०२४ मध्ये झाली होती, तर टिकवलेल्या कांद्याचं शेतकरी करणार काय? म्हणून १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९६३ चा बाजार समिती कायदा आणि निर्यातीचे आदेश हे कांद्याच्या संशोधनात धरायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. लॉ कॉलेजच्या मुलांनी लासलगावच्या लिलावात जाऊन उभं राहायला हवं आणि ॲग्रीच्या मुलांनी ते आदेश वाचायला हवेत. द्राक्षातही हेच दिसलं. २०१० ला युरोपने भारतीय द्राक्षाचे कंटेनर अडवले ते क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याच्या अंशामुळे. वेलीची वाढ रोखायला सर्रास वापरलं जाणारं हे औषध, त्याचा प्रश्न एका झटक्यात रसायनशास्त्राचा, आंतरराष्ट्रीय नियमांचा आणि बँकेच्या कर्जाचा होऊन बसला.

पाणी

दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे मेरी. पेठ-सुरगाणा-कळवण भागात जमीन हलली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'मेरीच्या यंत्रावर नोंद' असं छापून येतं, त्यामुळे नाव घराघरात माहीत आहे, पण तिथे भूकंपाशिवाय माती, काँक्रीट, बांधकाम साहित्य, धरणात साचणारा गाळ अशा कितीतरी गोष्टी तपासल्या जातात. धरणाचा भराव घालताना माती कितपत दाबली गेली, तिच्यातून पाणी किती झिरपतं, हे आधी प्रयोगशाळेत पाहिलं जातं, आणि खाली राहणाऱ्या गावांचं भलंबुरं त्यावर ठरतं.

याच संस्थेचे महासंचालक असलेले मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी खोऱ्यातलं पाणी वरच्या आणि खालच्या धरणांमध्ये कसं वाटायचं यावर अभ्यासगट नेमला गेला आणि त्याचा अहवाल २०१३ ला आला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाईच्या वेळी पाणी समन्यायी वाटायचं असं म्हटलंय, पण समन्यायी म्हणजे नेमकं किती हे कायदा सांगत नाही, ते आकडे इंजिनिअरांनाच बसवावे लागले. १५ ऑक्टोबरला खालच्या बाजूच्या, मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं हा दंडक त्यातूनच आला, आणि २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश निघाला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑक्टोबर आला की दर दुष्काळी वर्षी नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर येतात, आणि वाटेत बाष्पीभवनाने व झिरपून किती पाणी जातं हा हायड्रॉलॉजीचा प्रश्न थेट वकिलांच्या युक्तिवादात जातो. मला विचाराल तर नाशिकच्या कायदा अभ्यासकांसाठी याच्याइतका जिवंत विषय दुसरा नाही, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांशी बोलून केलेलं काम अजून खूप व्हायला हवंय.

नाणी आणि शिलालेख

१९०६ ला नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नाणं हातात घेतलं की नव्या छापाच्या खालून नहपानाच्या चेहऱ्याची कड अजून दिसते. नहपानाचा पराभव सातवाहनांनीच केला याचा इतका ठोस पुरावा दुसरा क्वचितच असेल. अंजनेरीला १९८० ला परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी नाणकशास्त्राची संशोधन संस्था काढली. नाण्यांचा अभ्यास हाच मुख्य विषय असलेली अशी संस्था देशात दुर्मीळच, आणि ती त्र्यंबकच्या रस्त्यावर आहे हे नाशिकच्याच कित्येक लोकांना माहीत नसतं.

पांडवलेण्यांचे, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांचे शिलालेख भांडारकर, भगवानलाल इंद्रजी आणि सेनार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला वाचून छापले. त्यातला दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख मला सगळ्यात आवडतो, कारण तो चक्क ठेवीचा करार आहे. नहपानाच्या या जावयाने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले, २,००० दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशेब करून बघा, २,००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०, आणि लेखात म्हटलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ द्यायचे. वीस बारे दोनशे चाळीस, एक पैसा इकडे तिकडे नाही! उरलेल्या १,००० चं वर्षाचं व्याज ९०, ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. जवळपास १,९०० वर्षांपूर्वी या गावात विणकरांची संघटना ठेवी स्वीकारत होती, व्याज देत होती, आणि व्यवहार नोंदवून दगडात कोरला जात होता. कॉमर्सच्या, लॉच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकत्र तिथे उभं केलं पाहिजे.

याशिवाय १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळातल्या वस्त्यांसाठी जोर्वे संस्कृती हे नाव त्यातूनच पुरातत्त्वात रूढ झालं.

कुंभमेळा

२००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी होऊन ३९ जण गेले. ते शहर विसरलेलं नाही. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने कुंभथॉन सुरू झालं, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंगच्या आणि शाळेतल्यासुद्धा मुलांनी गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय यांवर उपाय शोधायचे. त्यातून रस्त्यावर टाकायची एक चटई तयार झाली, तिच्यावरून माणसं चालली की सेन्सर पावलं मोजतात आणि कुठल्या वाटेने मिनिटाला किती लोक जातायत हे कंट्रोल रूमला कळतं, त्यामुळे घाटावर दाटी व्हायच्या आधीच लोकांना दुसरीकडे वळवता येतं. हेच वातावरण पुढे टीसीएसच्या डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर या नवकल्पना केंद्रात टिकलं. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा, आणि आता मोबाईलच्या डेटावरून गर्दी ओळखायची म्हटलं तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही विचारात घ्यावा लागेल.

शिक्षण आणि आरोग्य

बीएडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कृतिसंशोधन करावं लागतं, म्हणजे वर्गातला एक छोटा प्रश्न घ्यायचा, उपाय करायचा, आधी-नंतर चाचणी घ्यायची. हे काम बऱ्याचदा उरकलं जातं, पण सुरगाणा-पेठच्या जिल्हा परिषद शाळेत जिथे मूल घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत येतं, तिथे हीच पद्धत मन लावून वापरली तर सोनं आहे. आरोग्य विद्यापीठाच्या एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लागतोच, त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती हवी. ही संमती पेशंटला कळेल अशा मराठीत असणं मला प्रबंधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पीएचडी आणि पेपर

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, त्यात किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती त्यात काढून टाकली गेली. दूरस्थ पद्धतीने पीएचडी करता येत नाही. साहित्यचोरीचे नियम २०१८ चे, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई.

पेपरच्या बाबतीत मात्र परिस्थिती वाईट आहे. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी जर्नल्स शेकड्यांनी आहेत, एकाच अंकात थर्मल इंजिनिअरिंग, घटस्फोटाचा कायदा, बालशिक्षण आणि मातीची तपासणी, आणि त्याला नाव मल्टिडिसिप्लिनरी. विषय शेजारी शेजारी छापले म्हणजे ते एकमेकांशी बोलायला लागत नाहीत. यूजीसीने हे रोखायला २०१८ ला केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, आणली, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आता जर्नल पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि संशोधकांवर आली आहे. नवीन मुलांना माझं सांगणं एवढंच की जर्नलचे जुने अंक काढून वाचा, संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयात काम करतात का बघा, रिव्ह्यू किती दिवसांत येतो ते विचारा, आणि 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध फुकट आहेत तिथे आपला विषय आधी कुणी केलाय का हे तपासा. विषय शोधायला तर लांब जायची गरजच नाही. अंजनेरीच्या डोंगरावर २००६ ला कंदीलपुष्पाची एक नवीन जात नोंदवली गेली, सेरोपेजिया अंजनेरिका, फुलाच्या नळीत माशी आत शिरते आणि आतले केस कोमेजेपर्यंत अडकून राहते. २०१७ ला अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं आणि २०२० ला नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, त्यामुळे तिथे नमुने गोळा करायचे असतील तर वनविभागाची परवानगी आधी काढावी लागते, आणि तो अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी दिलेला बरा.