धुतल्या तांदळासारखे आई-बाप

‘मला आयुष्यात कधीच कुणाचा राग आला नाही.’ बरोबर की चूक?

मुलाच्या ताब्यासाठी भांडणारा बाप अशा विधानापुढे बिनधास्त ‘बरोबर’वर खूण करतो. आईही करते. तासाभरापूर्वी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाबाहेर दोघांनी एकमेकांची सात पिढ्यांपर्यंत उजळणी केलेली असते. न्यायालयानं मदतीला घेतलेल्या मानसतज्ज्ञाच्या चाचणीच्या कागदावर मात्र दोघंही संत.

अशी विधानं चाचणीत उगीच घातलेली नसतात. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी १९४३ सालची. तिच्या १९८९च्या आवृत्तीत ‘बरोबर की चूक’ छापाची ५६७ विधानं आहेत. त्यातली काही आजार शोधत नाहीत, तर उत्तर देणारा स्वतःला किती गोड करून दाखवतोय ते मोजतात. १५ विधानांची एक पट्टी ढोबळ सोंग पकडते, ३० विधानांची दुसरी जरा हुशारीनं झाकलेलं. एरवी हे आकडे चढले की तज्ज्ञाच्या भुवया उंचावतात. पण १९९७ साली अमेरिकेत ताब्याच्या दाव्यांमधल्या ५०८ पालकांचे निकाल एकत्र मांडले गेले, तेव्हा त्यांची सरासरीच वर सरकलेली दिसली. त्यात नवल काय? पाहुणे मुलगी बघायला येणार असले की घर आवरलेलंच असतं. म्हणून चढलेल्या आकड्यावरून ‘हा खोटारडा’ असं म्हणता येत नाही, आणि बाकीचा आलेख स्वच्छ आला म्हणून ‘हा निर्मळ’ असंही नाही.

शिवाय ही चाचणी मुळात मानसिक आजारांसाठी बनली. चांगला पालक मोजणारी फूटपट्टी तिच्यात नाही. नैराश्याच्या गोळ्या घेणारी आई पोराला रोज वेळेवर डबा देऊन शाळेत सोडत असेल, आणि ज्याच्या आलेखात काडीचा दोष नाही त्या बापाला वर्गशिक्षिकेचं नावही माहीत नसेल.

म्हणून खरं काम चाचणीबाहेर होतं, आणि ते सावकाश होतं. दोघांच्या वेगवेगळ्या मुलाखती, शाळेतली चौकशी, डॉक्टरांचे कागद, गरज पडली तर घरची भेट. मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो खेळ. एका खोलीत मूल आणि एक पालक, तज्ज्ञ कोपऱ्यात. बापानं रिमोटची महागडी गाडी आणलीय आणि पोरीला डब्यांची झाकणं एकावर एक रचायचीत. आता बाप झाकणं रचायला बसतो, की ‘अगं, गाडी बघ ना’ म्हणत राहतो?

मुलाशी बोलणं त्याहून नाजूक. सहा वर्षांचं पोर ‘बाबांनी आईचा मानसिक छळ केला’ म्हणालं, तर हे शब्द त्याचे नाहीत एवढं कुणालाही कळतं. पण शब्द शिकवलेले असले म्हणून प्रसंग घडलाच नाही असंही नसतं. उलट, मूल खोटं न बोलताही चुकीचं सांगू शकतं. १९९५च्या एका प्रयोगात बालवाडीच्या मुलांच्या वर्गात एक पाहुणा येऊन, काहीही न बिघडवता निघून गेला. पुढे आठवडे न् आठवडे ‘त्यानं पुस्तक फाडलं तेव्हा...’ अशा धर्तीचे प्रश्न विचारले गेल्यावर अनेक मुलांना ते फाडणं ‘आठवू’ लागलं. घरात रोज रात्री आज्जी अन् मामा असेच प्रश्न विचारत असतील तर? म्हणून जाणकार तज्ज्ञ ‘बाबा मारतात का?’ असं विचारत नाही. ‘बाबांकडे गेलास तो दिवस सांग’ म्हणतो आणि गप्प बसतो.

मूल एका पालकाचं तोंडही बघायला तयार नसेल तर वकिलांच्या तोंडी हमखास एक शब्द येतो, ‘पालक-दुरावा’. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९८५ साली त्याला ‘सिंड्रोम’ ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१७च्या एका निकालात त्याची दखल घेतली. पण मानसिक आजारांच्या अमेरिकी यादीत, २०१३च्या डीएसएम-५मध्ये, तो नाही. मूल कुणी कान भरल्यामुळं दुरावतं, तसंच मार खाल्ल्यामुळंही दुरावतं. दोन्हींना एकच लेबल चिकटवलं की मार लपतो. माझ्या मते हा शब्द निदान म्हणून वापरूच नये.

कायद्याचं म्हणणं तसं साधं आहे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यापासून कसोटी मुलाच्या हिताची. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे. १९८४च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयाला तज्ज्ञांची मदत घेण्याची मुभा दिली. पण हा तज्ज्ञ म्हणजे समुपदेशक नव्हे. तज्ज्ञासमोर बोललेलं अहवालात जातं, आणि त्यावर उलटतपासणीही होते.

इथंच आपल्याकडं घोळ होतो. राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्यात बायको महिनाभर उपचाराला जाते आणि फाईलमध्ये चिठ्ठी येते : ‘पती संशयी व आक्रमक स्वभावाचे’. किंवा नवरा तशीच चिठ्ठी बायकोबद्दल आणतो. ज्याला पाहिलंच नाही त्याच्याबद्दल हे लिहिलेलं असतं. उपचार करणारा रुग्णाच्या बाजूचा असतो, असावाही, पण मूल्यमापन करणाऱ्यानं दोघांना भेटायला हवं आणि दोघांनाही तोच प्रश्न विचारायला हवा : ‘तुमच्या मुलासाठी समोरचा माणूस काय चांगलं करतो?’

बहुतेक जण इथं अडखळतात. मग एखादी आई बऱ्याच वेळानं म्हणते, “पोहायला त्यांनीच शिकवलं.” तज्ज्ञ ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतो.