मान नरम, बूड कडक : मार्टिनीच्या पुंगळ्या पाठवण्याआधी

मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, म्हणजे गोळी आणि दारू धरणारी नळकांडी, आम्ही घडवून देतो. त्या आमच्याकडे पाठवण्याआधी घरी तापवू नका. ऑर्डरच्या कागदावर हे लाल अक्षरांत छापलेलं आहे, फोनवरही आम्ही सांगतो, तरी महिन्याला एखादा डबा तापवलेला येतोच. आमचं इंग्रजी पत्रक आहे. पण अलीकडे टेक्सासमधलं आणि बाहेरचंही मराठी गिऱ्हाईक वाढलंय आणि फोनवर अर्धा तास तेच ते बोलणं होतं, म्हणून हे मराठीत.

मार्टिनी-हेन्री ब्रिटिश लष्करात १८७१ साली आली. तिचं काडतूस आधीच्या स्नायडर रायफलीच्या .५७७ इंची पुंगळीवरूनच काढलेलं होतं: पुंगळी लांब केली आणि मान, म्हणजे गोळी बसते तो तोंडाकडचा भाग, आवळून .४५० वर आणली. काडतुसाच्या नावात (.५७७/.४५०) दोन आकडे आहेत ते त्यामुळेच. आम्ही आज तेच करतो, फक्त सुरुवात २४ गेजच्या शॉटगनच्या पितळी पुंगळीपासून होते. ती अडीच इंचांची असते. स्नायडरसाठी ती दोन इंचांवर कापली की निम्म्याहून जास्त काम झालं. मार्टिनीसाठी २.३५ इंच ठेवायची असते, आणि तिथे खरी मेहनत मानेची. (१८८० मध्ये अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होती आणि मुंबईच्या पलटणींकडे स्नायडर. त्या लढाईवर वाचलेले ग्राहक हटकून दोन्हींची चौकशी करतात. दोन्ही मिळतील.)

मान एका दमात आवळली तर खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, चुण्या पडतात, आणि एकदा पडलेली चुणी पुन्हा निघत नाही. म्हणून पुंगळी एकामागून एक अशा चार डायमधून, म्हणजे पोलादी साच्यांतून, जाते. प्रत्येक डायमध्ये पितळ दाबलं जातं आणि दाबलेलं पितळ कडक होतं. माझे आजोबा पुण्यात तांबट आळीत मठारकाम करायचे. ठोकून ठोकून भांडं ताठलं की ते ते परत भट्टीत घालायचे. आमचंही तंत्र तेच, फरक एवढाच की आजोबा अख्खं भांडं तापवायचे आणि आम्ही फक्त मान आणि खांदा तापवतो. खांद्याच्या जरा खाली ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली असते. पुंगळी ज्योतीसमोर फिरत असते, रेघ ओली दिसली की त्याच क्षणी खाली. मान साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, बूड मात्र हातात धरता येईल असंच राहिलं पाहिजे.

आता बुडाबद्दल. कारखान्यात पुंगळीचं बूड, म्हणजे मागचं बंद टोक, ठोकून घडवतात, आणि त्या ठोकण्यानेच ते कडक होतं. बार उडाला की सगळा दाब शेवटी बुडावर येतो. ते नरम असेल तर प्रायमरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीचा) खळगा सैल होतो, प्रायमरच्या कडेने वायू निसटतो, आणि तो निसटतो तेव्हा तुमचं तोंड त्याच बाजूला असतं.

मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकाने चाळीस पुंगळ्या पाठवल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘तुमचं काम सोपं व्हावं म्हणून मीच नरम करून पाठवतोय, नंतर पाण्यात बुडवून पुन्हा कडकही केल्यात.’ एक पुंगळी उचलून दिव्याखाली धरली तर तोंडापासून थेट बुडाच्या कडेपर्यंत एकच निळसर-करडी झाक. मानेपाशी थांबणारी रेषा कुठेच नाही. लोखंडाला पाणी देतात तसं पितळाला देता येत नाही. लाल झालेलं पितळ पाण्यात बुडवा नाहीतर ओट्यावर तसंच राहू द्या, नरम ते नरमच. आणि नरम झालेलं बूड पुन्हा कडक करायचा मार्ग आमच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. चाळीसही पुंगळ्या यंत्राखाली एकेक धरून बुडाची कठीणता मोजावी लागली. सहा वाचल्या, बाकीच्या चेचून भंगारात. दीड दिवस गेला आणि बिल कोणाला लावायचं हा प्रश्न उरला. म्हणून आता तापवलेला डबा आला की तपासणीचे पैसे वेगळे पडतात. काहींना हे लागतं, पण आमचाही नाइलाज आहे.

पितळ चमकवण्याबाबतही तेच. अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने ताणातलं पितळ तडकतं, हे १९२१ साली नीट सिद्ध झालं. डायमधून निघालेल्या पुंगळीत तसाच ताण असतो. चिंचेने घासून, धुऊन, कोरड्या केलेल्या पुंगळ्या आम्हाला चालतात. खरं तर मळक्या पाठवल्यात तरी चालतात.

‘मापं पुस्तकात आहेत, मग चेंबरचा साचा कशाला मागता?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. (चेंबर म्हणजे रायफलीत काडतूस बसतं ती पोकळी.) आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच रायफली नेपाळच्या जुन्या लष्करी साठ्यातल्या, काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून (शस्त्रागारातून) २००३ मध्ये विकल्या गेलेल्या. त्यांत ब्रिटिश मार्टिनी आहेत, तशाच नेपाळमध्ये हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही आहेत. दोन गहेंद्रांची चेंबर एकमेकांशी जुळतीलच असं नाही. साच्यासाठी जी मिश्रधातू आम्ही देतो ती गरम पाण्याच्या भांड्यातही वितळते. ओतल्यावर ती आधी आकसते, मग हळूहळू फुगते आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येते, म्हणून मापं तेव्हाच घ्या. हे जमणार नसेल तर साचा तसाच पाठवा, आम्ही तो आला त्याच दिवशी मोजू. पण ओतल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. स्वतः साचा ओतायचाच नसेल तर तो तुमच्या गावच्या बंदूक-कारागिराकडून करून घ्या. रायफल एवढी जुनी आहे, की तशीही ती एकदा त्याला दाखवायलाच हवी.

पुंगळ्यांबरोबर तुम्ही वापरणार असलेली एक नुसती गोळी पाठवा. नावात .४५० असलं तरी मार्टिनीच्या नळीला साधारण .४६५ ते .४६८ इंचांची गोळी लागते. .४५८ ची स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत तर ती नळीत सैल जाईल आणि लक्ष्यावर आडवी लागेल. मग दोष आमच्या मानेवर येतो. मान आम्ही तुमच्या गोळीच्या मापाने बेततो.

दारू किती भरायची हे विचारू नका, आम्ही सांगत नाही. रायफल काळ्या दारूची आहे, तिच्यात काळीच दारू, एवढंच सांगू.

पुंगळ्या नसतील तर तयार मिळतील, वीसच्या डब्यात, मान तापवून आणि बूड तपासून. तुमच्या पाठवलेल्यांपेक्षा त्या थोड्या महाग पडतात, पण पहिल्या बारानंतर त्या तुमच्या चेंबरला बसल्या की मान दर काही बारांनी नरम करून बराच काळ चालतात. ते नरम करणं आम्ही टपालाने करून देतो. तीन आठवडे धरा.

आणि पुण्याच्या मामांना, नाशिकच्या काकांना पाठवाल का, याचं उत्तर नाही असंच आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच धरले जातात, आणि इकडून बाहेर पाठवायला वेगळा परवाना लागतो. शोभेसाठी म्हणून भोक पाडून द्या, असंही विचारून झालंय. तेही पाठवत नाही.