नीतीला धर्म लागतो का? नागपुरातल्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

मराठीत या प्रश्नाची पहिली अडचण 'धर्म' हा शब्दच आहे. 'शेजाऱ्याला उपाशी ठेवणं हा आपला धर्म नाही' असं म्हणताना आपण कर्तव्याबद्दल बोलतो, 'धर्म कोणता?' असं कुणी विचारलं की जन्माने मिळालेलं नाव सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांचा वादही याच गुंत्यातून गेला. एका बाजूने, म्हणजे जोतीराव फुल्यांकडून, निर्मिक (सृष्टीचा निर्माता) मानून, पण मध्यस्थ नाकारून 'सत्यधर्म' मांडला गेला. दुसरीने देवाशिवायही नीती उभी राहते असं म्हटलं.

१९३५ साली येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जुना धर्म सोडायचाच होता तर धर्म ही गोष्टच का सोडली नाही, हा आक्षेप तेव्हापासून आजपर्यंत घेतला जातो आणि त्याचं उत्तर सहसा अर्धवटच सांगितलं जातं.

१९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते उत्तर आहे. धर्म व्यक्तिगत असतो, धम्म सामाजिक. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्म लागत नाही. दोन माणसांचा संबंध आला की टाळता येत नाही. धर्मात देवाची जी जागा, ती धम्मात नीतीची. इथवर बहुतेकांना पाठ असतं. पुढचा मुद्दा सुटतो : नुसती नीती पुरत नाही, कारण नीती चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांत असते, जातीतही असते. टोळीतला माणूस आपल्या माणसाशी इमानाने वागतो आणि बाहेरच्याला लुटतो. म्हणून नीती सर्वांना सारखी लागू हवी आणि पवित्र, म्हणजे कुणाच्याही सोयीने न मोडता येणारी हवी. जातीची नीती ज्यांनी अंगावर झेलली, त्यांच्यासाठी हा पुस्तकी मुद्दा नव्हता.

दीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांचा क्रम याच अंगाने वाचावा. पहिल्या आठांत मुख्यतः नकार आहे : देवदेवता, अवतार, श्राद्ध-पिंडदान. नववी आणि दहावी समतेची. अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता (अंगी बाणवायचे सद्गुण), दया, चोरी, खोटं, व्यभिचार, दारू हे सगळं त्यानंतर, ११ ते १७ मध्ये येतं. समता आधी, शील नंतर. हा क्रम उलटला तर शील पुन्हा आपल्याच माणसांपुरतं उरण्याचा धोका असतो.

पंचशीलाची, म्हणजे सदाचाराच्या पाच नियमांची, भाषाही नीट ऐकावी. 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा शिक्षानियम मी स्वतः स्वीकारतो. यात आज्ञा देणारा कुणी नाही. पाचव्या शीलात मद्य 'अपवित्र' म्हटलेलं नाही. 'पमादट्ठाना', म्हणजे ते बेसावधपणाला कारण होतं, असं सांगितलं आहे. पाली ओळी मराठी अर्थ न सांगता घोकल्या की हे कारण हरवतं आणि उरतो तो विधी. विहारात प्रत्येक शीलामागोमाग एक वाक्य मराठीत म्हटलं तरी फरक पडतो.

पुढचा इतिहास बराचसा कागदपत्रांचा आहे. 'नवबौद्ध' हा शब्द सवलतींच्या अर्जांतून रुळला आणि अनेकांना तो खटकतो. दीक्षा घेतलेला माणूस बौद्ध असतो, त्यात नवा-जुना भेद कशाला? केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडलं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रातले. धम्म हा धर्माहून वेगळा म्हणून स्वीकारलेल्या या माणसांची नोंद अर्थातच 'धर्म' याच रकान्यात झाली. त्याच जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांचा धर्म नोंदलाच गेला नाही.

हाच प्रश्न कायद्यापुढेही आला. २०१३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत श्रद्धेची व्याख्या नाही. फसवणूक आणि इजा करणारी १२ कृत्यं आहेत. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की, आपला कोणताच धर्म नाही असं सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात आहे आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. न्यायालयापुढचा तो अर्ज नास्तिकांचा नव्हता. अर्जदार येशूला मानणारे होते. राजपत्रात मात्र त्यांना 'धर्म नाही' अशी नोंद हवी होती.