निळं सिनेगॉग आणि 'जुनी मशीद'

मुंबईतल्या ज्यूंवर काही लिहिलेलं असलं की फोटो हमखास काळ्या घोड्याजवळच्या निळ्या-पांढऱ्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा असतो आणि मजकूर कोकणातल्या 'शनवार तेल्यां'चा, म्हणजे शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंचा. इमारत खरी, मजकूरही खरा, फक्त त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

निळं आहे ते केनेसेथ एलियाहू. जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ ते १८८४ मध्ये बांधलं. ससून मंडळी बगदादी ज्यू. बगदाद-बसऱ्याकडून व्यापारासाठी आलेली, घरात अरबी बोलणारी आणि पुढे इंग्रजीकडे वळलेली. ससून डॉक त्यांचंच. हाती पैसा होता आणि तो तिथल्या खांबांत, रंगीत काचांत दिसतो. (भायखळ्याचं मागेन डेव्हिडही निळं म्हणूनच प्रसिद्ध आणि तेही ससूनांचंच, १८६४ चं. त्याला घड्याळाचा मनोरा आहे, एवढी खूण पुरे.)

शनवार तेल्यांचं, म्हणजे बेने इस्रायलांचं सिनेगॉग पाहायचं तर मशीद बंदरला उतरायचं. हातगाड्या चुकवत सॅम्युएल स्ट्रीटवर या. हा जुना इस्रायल मोहल्ला. इथलं शआर हारहमीम, म्हणजे 'दयेचं द्वार', बाहेरून इतकं साधं आहे की पुढे निघून जाल. पण मुंबईतलं पहिलं सिनेगॉग हेच, १७९६ चं. आजची वास्तू १८६० ची.

ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले. हे बेने इस्रायल आहेत असं कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. सुखरूप परतलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, हा त्यांचा नवस. तोंडात मराठी, आडनाव दिवेआगरचं आणि वर नवस! कोकणी माणूस आणखी कसा असतो? रस्त्याला नाव त्यांचंच. बेने इस्रायल सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. त्यावरूनच स्टेशनाचं नाव पडलं, असं सांगतात. पुण्यात मात्र ससूनांचं १८६७ चं सिनेगॉग 'लाल देऊळ' झालं. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ!

आत गेलात तर मांडणीवरून फरक कळणार नाही. दोन्हीकडे मधोमध तेबा, म्हणजे जिथून तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचतात तो कठड्याचा चौथरा. पश्चिमेला, यरुशलेमच्या दिशेने, तोरा ठेवायचं कपाट, म्हणजे हेखाल. बायकांसाठी वर सज्जा. फरक होता तो माणसांत. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुषांचा मिन्यान लागतो आणि त्यात बेने इस्रायलांना धरायलाच अनेक बगदादी तयार नसत. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना 'तुम्ही अस्सल ज्यू नाही' हे ऐकून घ्यावं लागलं. माझ्या मते त्या सुंदर निळ्या भिंतींपुढे उभं राहताना हेही माहीत असावं.

पुढे दोन्हीकडचे बहुतेक लोक देश सोडून गेले. बेने इस्रायल मुख्यतः इस्रायलला, बगदादी इंग्लंड आणि इतरत्र. मागे उरलेले बगदादी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे आता निळ्या सिनेगॉगमध्येही दहाचा आकडा भरतो तो प्रामुख्याने बेने इस्रायलांमुळेच.

जाणार असाल तर ओळखपत्र बरोबर ठेवा, पुरुषांनी डोकं झाका आणि शनिवार टाळा.