गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर

छज्जाखाली, गॅलरीच्या कोपऱ्यात किंवा बागेतल्या झुडपात करड्या रंगाचं, कागदासारखं काहीतरी लटकताना दिसतं. भोवती पिवळ्या-तपकिरी, बारीक कमरेच्या माश्या घिरट्या घालत असतात. घरात लगेच एकच चर्चा सुरू होते: हे काढायचं कसं? कुणी लांब काठी सुचवतं, कुणी पेटता बोळा, कुणी रॉकेल, कुणी पाण्याचा पाइप. मला वाटतं, त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. हे घर कुणाचं आहे? आणि ते माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून किती लांब आहे? एवढं कळलं की बहुतेक वेळा काठी उचलायची गरज उरत नाही. ज्या वेळी उरते, त्या वेळी ती काठी आपल्या हातात असू नये.

मातीचं घर असेल तर घाबरण्याचं कारणच नाही. भिंतीवर, पडद्यामागे, कपाटाच्या पाठीमागे मातीच्या नळ्या किंवा छोटे मडक्यासारखे गोळे दिसतात, ते कुंभारीण माशीचं काम. ही एकटी राहते. तिच्या जातभाईंपैकी काही कोळी पकडतात, काही अळ्या. नांगी मारून भक्ष्य लुळं करायचं, मातीच्या खोलीत भरायचं, त्यावर अंडं घालायचं आणि तोंड लिंपून निघून जायचं. घराची राखण करायला ती थांबत नाही, त्यामुळे जवळ गेलेल्या माणसावर तुटून पडण्याचा प्रश्न येत नाही. मातीला गोल भोक पडलेलं दिसलं की आतलं पिल्लू उडून गेलं असं समजावं आणि घर खरवडून टाकावं.

एकच काळजी घ्यावी. नळ्या आणि भोकं ही तिची आवडती जागा. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचं बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळलं आणि विमानातले सर्व १८९ जण गेले. विमानाचा वेग मोजणारी एक नळी तुंबल्यामुळे वैमानिकाला चुकीचा वेग दिसत होता. त्याआधी बरेच दिवस ते विमान उभं होतं, निदान शेवटचे दोन दिवस नळ्यांवर आवरण न घालता, आणि संशय गेला तो मातीचं घर बांधणाऱ्या माशीवर. घरातही गॅस गीझरची धूर बाहेर नेणारी नळी, एसीचं पाणी जाणारा पाइप, बरेच दिवस बंद असलेल्या यंत्रांची तोंडं अधूनमधून बघायला हवीत. धूर बाहेर नेणारी नळी तुंबली तर घरात विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि तो धोका कुठल्याही डंखापेक्षा मोठा आहे.

मेणाचं पोळं आणि अंगावर बारीक लव असलेल्या माश्या दिसल्या तर त्या मधमाश्या. त्यांना मारू नये, मधमाशीपालकाला बोलवावं. त्यांचं पोळं जिवंत हलवता येतं.

उरलं ते कागदाचं घर, आणि खरा विषय हाच. वाळलेलं लाकूड, कुंपणाच्या फळ्या, झाडाची सुकी साल कुरतडून गांधीलमाशी त्याचा लगदा करते, त्यात लाळ मिसळते आणि पातळ थरांत पसरते. वाळल्यावर तो चक्क कागद होतो. युरोपात कागद चिंध्यांपासून बनायचा त्या काळात, १७१९ साली, रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे पाहून लाकडापासून कागद करता येईल असं सुचवलं होतं. माणसाला ते मोठ्या प्रमाणावर जमायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

या कागदी घरांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिलं उघडं: एका देठाला उलट्या छत्रीसारखं लटकलेलं, षट्‌कोनी खोल्या खालून स्पष्ट दिसणारं. देठ एकच ठेवण्यामागे कारण आहे. मुंग्या आल्या तर त्याच अरुंद वाटेने येणार, म्हणून माशी त्या देठावर पोटाकडच्या ग्रंथीतून येणारा, मुंग्यांना नकोसा वाटणारा स्राव पुसत राहते. अशा घरात बहुधा काही डझन माश्या असतात. दुसरं बंद: बाहेरून कागदाच्या अनेक थरांचं कवच, आत एकाखाली एक मजले आणि ये-जा करायला एकच दार. मोठ्या गांधीलमाश्यांची, म्हणजे हॉर्नेटची घरं अशी असतात. जगात त्यांच्या सुमारे २२ जाती आहेत. काही जातींचं घर झाडावर उघड्यावर असतं, काहींचं खोडाच्या ढोलीत, जमिनीतल्या बिळात किंवा छताच्या पोकळीत. या घरात शेकडो, कधी हजारो माश्या असू शकतात. उघडं घर आणि बंद घर यांतला हा फरक नीट लक्षात ठेवावा. पहिल्याशी जमवून घेता येतं. दुसऱ्याच्या वाटेला स्वतःहून जाऊच नये.

फुलावर किंवा पानावर एकटी भेटणारी गांधीलमाशी सहसा आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती कामात असते. घराजवळ तीच माशी वेगळी वागते, कारण तिथे तिची पिल्लं, म्हणजे अळ्या आहेत. प्रथिनांनी भरलेल्या त्या असहाय अळ्यांवर पक्ष्यांचा, सस्तन प्राण्यांचा, इतर कीटकांचा डोळा असतो. म्हणून शत्रू जवळ आल्याच्या खुणा ओळखण्याची तिची जाण अत्यंत तीक्ष्ण आहे. घराला किंवा त्याच्या फांदीला बसलेला धक्का ही पहिली खूण. गवत कापायच्या यंत्राची थरथर, भिंतीत ड्रिलने भोक पाडणं, छतावर पावलं वाजणं, सगळं तिला कळतं. दुसरी खूण म्हणजे उच्छ्वास. जवळ जाऊन निरखून पाहणारा माणूस घरावर कार्बन डायऑक्साइड सोडत असतो आणि आतल्या माशीसाठी त्याचा अर्थ एखादा प्राणी तोंड खुपसतोय असाच होतो. गडद रंगाची हलती वस्तू ही तिसरी. काळे केस आणि गडद कपडे यांच्याकडे मोठ्या गांधीलमाश्या अधिक वळतात.

या खुणा मिळाल्या की पुढचं काम रसायनं करतात. डंख मारणारी किंवा चिरडली गेलेली माशी धोक्याचा गंध सोडते आणि घरातल्या इतर माश्या बाहेर पडतात. जगातल्या सर्वांत मोठ्या गांधीलमाशीचा हा गंध कशाचा बनलेला असतो ते जपानी संशोधकांनी २००३ साली शोधलं. त्यातली काही रसायनं खाद्यपदार्थांच्या स्वादांत आणि सुगंधी प्रसाधनांतही सापडतात. त्यामुळे पोळं असलेल्या भागात काम करायला जाताना अत्तर लावू नये हा सल्ला गांभीर्याने घ्यावा. आणि घराजवळ एकटी माशी चिरडली तर धोका संपत नाही, उलट तिथून तो सुरू होऊ शकतो.

नांगी म्हणजे अंडी घालायच्या नळीचं बदललेलं रूप, म्हणून ती फक्त माद्यांना असते. मधमाशीच्या नांगीला मोठे काटे असतात, ती कातडीत अडकून तुटते. गांधीलमाशीची नांगी सहज बाहेर निघते, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. विषातल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनमुळे आग होते, काही विकरं पेशींची आवरणं फोडतात, आणि मॅस्टोपॅरन नावाचं लहानसं प्रथिन आपल्याच शरीरातल्या पेशींना आणखी हिस्टामिन सोडायला लावतं. एखादा डंख बसला तर जागा साबण-पाण्याने धुवावी, बर्फ फडक्यात गुंडाळून धरावा, हातातली अंगठी सूज येण्याआधी काढावी. आंबट किंवा खारट काही चोळून विष मरत नाही, ते आधीच कातडीखाली गेलेलं असतं. सूज दोन दिवस वाढली म्हणून लगेच जंतुसंसर्ग झाला असंही नसतं.

जीव जातो तो बहुधा दोन कारणांनी. पहिलं कारण ॲलर्जी, आणि तिथे एक डंखही पुरतो. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलटी, चक्कर, रक्तदाब कोसळणं ही लक्षणं काही मिनिटांत दिसू लागतात. पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली या प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि पुढे १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळालं. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा डंख बसल्यापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ फक्त १५ मिनिटांचा निघाला. म्हणून इथे वाट बघणं नको. यावर औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला आडवं ठेवावं, पाय वर करावेत आणि बरं वाटतंय म्हणाला तरी एकदम उठवून चालवू नये. धाप लागली असेल तर बसू द्यावं. एकदा अशी प्रतिक्रिया आलेल्या माणसाने ॲलर्जीतज्ज्ञाला जरूर भेटावं. विषाच्या अगदी अल्प मात्रा देत जाऊन शरीराला सवय लावणारा उपचार उपलब्ध आहे, तो काही वर्षं चालतो आणि गांधीलमाशीच्या बाबतीत फार परिणामकारक आहे. ही माहिती अनेक रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही याचं मला वाईट वाटतं.

दुसरं कारण डंखांची संख्या. ॲलर्जी नसलेल्या माणसालाही एकाच वेळी अनेक डंख बसले तर विषाची मात्राच घातक ठरते. स्नायू विरघळू लागतात, त्यातून सुटलेली प्रथिनं मूत्रपिंडात अडकतात आणि लघवी चहाच्या रंगाची होते. हे कधी कधी एक-दोन दिवसांनी उघड होतं, म्हणून अनेक डंख बसलेल्या माणसाला वरवर ठीक वाटलं तरी रुग्णालयात न्यावं. चीनच्या शाआन्शी प्रांतात २०१३ साली मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत ४० हून अधिक माणसं दगावली आणि १६०० हून अधिक जखमी झाली. अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

एवढं वाचून सगळी पोळी नष्ट करावीत असं वाटणं स्वाभाविक आहे. पण उंच झाडावर, कुणाच्या वाटेत नसलेलं पोळं राहू द्यावं असंच माझं मत आहे. बारीक कमरेमुळे प्रौढ माशीला घन अन्न गिळता येत नाही. ती अळ्या आणि माश्या पकडून त्यांचा लगदा आपल्या पिल्लांना भरवते आणि पिल्लं तिला गोड, पोषक लाळ देतात. एक पोळं पोसताना बागेतल्या कितीतरी अळ्या खपतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार नांगी असलेल्या गांधीलमाश्या ९६० वनस्पतींच्या फुलांना भेट देतात आणि त्यांतल्या १६४ वनस्पती परागीभवनासाठी पूर्णपणे त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

पोळं दारावर, जिन्यात, मुलं खेळतात तिथे, भिंतीच्या किंवा छताच्या पोकळीत असेल, किंवा घरात कुणाला ॲलर्जी असेल, तर मात्र ते काढायलाच हवं. काम प्रशिक्षित माणसाला द्यावं. तो जाड पोशाख घालतो, माश्या घरात परतल्यावर, अंधार पडला की येतो आणि लाल प्रकाश वापरतो, कारण लाल रंग त्यांना दिसत नाही. मधमाशीपालकाचा साधा पोशाख मोठ्या गांधीलमाशीच्या नांगीला पुरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बाहेरून आलेल्या महाकाय गांधीलमाशीचं पहिलं घर काढलं गेलं. दात साफ करायच्या दोऱ्याने एका माशीला छोटा रेडिओ ट्रान्समीटर बांधून शास्त्रज्ञ तिच्या मागे घरापर्यंत पोहोचले, खास जाड पोशाख चढवले आणि झाडाच्या ढोलीतल्या माश्या यंत्राने ओढून घेतल्या. एवढी तयारी तज्ज्ञ करतात, हे टॉवेल डोक्याला बांधून शिडीवर चढणाऱ्याने विचारात घ्यावं. शिडीवर असताना हल्ला झाला तर पळायला जागा नसते आणि पडून होणारी इजा डंखांपेक्षा भारी पडते.

आग तर मुळीच लावू नये. पोळं म्हणजे वाळका कागद, भडका क्षणात छताला पोहोचतो. बिळात पेट्रोल ओतल्याने माती आणि पाणी विषारी होतं. भिंतीतल्या पोळ्याचं तोंड सिमेंटने बुजवणंही धोक्याचं, कारण लाकूड कुरतडणाऱ्या जबड्यांना आतल्या बाजूचं पातळ छत किंवा फळी पोखरायला वेळ लागत नाही आणि मग माश्या थेट खोलीत उतरतात. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं गांधीलमाश्यांवर चालतात, पण मासे, मधमाश्या आणि मांजरं यांनाही ती घातक आहेत. विजेच्या तारा किंवा मीटरजवळ कुठलाही फवारा नको.

हल्ला झालाच तर हात न झटकता, चेहरा झाकून, सरळ पळत बंद खोली किंवा गाडी गाठावी. पाण्यात उडी घेऊन उपयोग नाही, श्वासासाठी वर यावंच लागतं. इतरांना ओरडून दूर करावं. उघड्या कॅनमधून पेय पिताना माशी आत गेलेली दिसत नाही आणि घशात बसलेला डंख श्वास अडवू शकतो, म्हणून बाहेर बसताना झाकण असलेला पेला बरा.

हंगामाच्या सुरुवातीला राणी एकटीच असते, चार-पाच खोल्यांचं घर बांधत. पहिल्या मुली बाहेर यायला काही आठवडे लागतात. तेव्हा दर आठवड्याला छज्जे, गॅलरी, वायुविजनाच्या जाळ्या आणि मीटरची पेटी लांबूनच नजरेखालून घालावी. या टप्प्यावर सापडलेलं घर तज्ज्ञाला काही मिनिटांचं काम असतं. थंड हवामानात पोळं एकाच हंगामापुरतं टिकतं आणि बहुतेक जाती जुन्या घरात परत राहायला येत नाहीत. उबदार हवामानात मात्र काही पोळी वर्षभरही चालू शकतात. म्हणून कित्येक दिवस एकही माशी ये-जा करताना दिसली नाही, तरच ते रिकामं समजून काढून टाकावं आणि मागे राहिलेली भेग किंवा भोक बारीक जाळीने बंद करावं.